लाइट गेल्यावर वाचायची वाक्यं

यंदा पुन्हा पेपरात भारनियमनाचं वेळापत्रक आलं. आईने ते कात्रीने कापलं आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलं. आता पावसाळ्यापर्यंत घर त्या चौकटीवर चालणार: मिक्सर कधी लावायचा, टाकी कधी भरायची, बाबांचा पांढरा शर्ट कधी इस्त्री करायचा. मी पाणी प्यायला उठते, फ्रिज उघडते आणि नजर त्या कागदावर जाते. इतरांना तो बघून उकडायला लागतं. मला मात्र लोखंडी जिन्यावर बसलेली माणसं दिसतात, एक प्लास्टिकची कांद्याची टोपली दिसते, आणि ओळीने छापलेली इंग्रजी वाक्यं.

बारावीची परीक्षा संपलेला तो उन्हाळा. निकाल लागेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं आणि भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याकडे सगळ्यांचं फार लक्ष जायला लागलं होतं. माझी आत्या कोन गावात दिलेली. ती आली की दारातूनच सुरू व्हायची, "आमची मॅडम बोलत कशी न्हाय गो? इंग्लिशमधी बोलते का? आन् हिते इंग्लिश कोनाला येतं, म्हनून बिचारी गप!" सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण हसलं की उत्तर द्यावं लागत नाही.

गावातून इंग्रजी शाळेत गेलेली आमच्या घरातली मी पहिली. शाळेत माझं इंग्रजी वहीत राहायचं. निबंधाला चांगले गुण मिळायचे, तोंडीला बाई माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायच्या. घरी "हाय" आणि "न्हाय" बोलणारी माणसं, आणि शाळेने मला "आहे" आणि "नाही" लावलेलं. घरी "आहे" म्हटलं की चुलतभावंडं चिडवायची आणि शाळेत "हाय" तोंडातून गेलं की मुली एकमेकींकडे बघायच्या. दोन्हीकडे तोंड उघडण्याआधी थांबून विचार करायची सवय लागली, आणि विचार होईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं.

तर त्या उन्हाळ्यात शाळेतल्या बाईंनीच सांगितलं, भिवंडीत एक सर आहेत, त्यांना इंग्रजी बरं असलेल्या मुली हव्यात. बोलायचं काम नाही, वाचायचं आहे. बोलायचं नाही म्हणून मी गेले.

खोली मार्केटच्या मागच्या गल्लीत होती, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गाळ्याच्या डोक्यावर. पूर्वी तिथे सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास चालायचा. बाकं तीच होती, भिंतीवरचा फळाही तोच. आता बाकांवर कॉम्प्युटर ठेवले होते. कुठल्यातरी कंपनीला म्हणे कॉम्प्युटरला इंग्रजी शिकवायचं होतं. कॉम्प्युटर वाक्यं जुळवायचा, आणि ती माणसाने बोलल्यासारखी वाटतात की नाही, हे सांगायला माणसं लागायची. आम्ही ती माणसं. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न. व्याकरण बरोबर आहे का? असं खरंच कोणी बोलेल का? आणि त्याचा अर्थ एकच होतो ना?

पहिल्या प्रश्नाची मला भीती नव्हती. व्याकरणाची पुस्तकं मी पाठ केली होती. दुसऱ्या प्रश्नापाशी मी अडकले. असं कोणी बोलेल का, हे मला कसं कळणार? मी इंग्रजी वाचलं होतं, लिहिलं होतं. माझ्या आजूबाजूला ते कोणी बोलतच नव्हतं.

सर म्हणाले, "डोळ्यांनी नाही कळणार ते. मोठ्याने वाच. कानाला विचार."

पण कानाला विचारायची तिथे सोय नव्हती. लाइट असली की खाली सगळे लूम एकदम चालायचे. फरशी थरथरायची, चहाच्या ग्लासात वर्तुळं उठायची, आणि शेजारच्या बाकावरची मुलगी काय म्हणतेय ते तिच्या ओठांवरून ओळखावं लागायचं. वाक्य स्क्रीनवर स्वच्छ दिसायचं, ऐकू यायचं नाही. लाइट गेली की कान मोकळे व्हायचे, पण स्क्रीन काळी. सरांनी त्यावर आपली एक पद्धत बसवली होती. लाइट असेपर्यंत वाक्यं छापून घ्यायची, वीज गेली की वाचायची. साऱ्या भिवंडीत लाइट गेली की कामं थांबायची. आमचं तेव्हा सुरू व्हायचं.

ती शांतता अजून माझ्या कानात आहे. सगळे लूम एका क्षणात थांबत नाहीत. वीज गेल्यावरही एखादा स्वतःच्या जोरावर दोनचार ठोके मारतो आणि मग दमल्यासारखा बसतो. त्यानंतर काही वेळ कानात नुसती शिट्टी. मग हळूहळू गल्ली परत ऐकू यायला लागते. कुठे भांडं पडतं, कावळा ओरडतो, सेलवरच्या रेडिओचा खरखराट. खालचे कामगार बनियनवर, अंगावर सुताची धूळ घेऊन बाहेर यायचे आणि आमच्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचे, कारण गल्लीतली सावली तेवढीच. सर दार उघडं ठेवायचे, वारा यावा म्हणून. म्हणजे आमचं वाचन त्या सगळ्यांना ऐकू जायचं.

काम जोडीने करायचं होतं. एकीने वाचायचं, दुसरीने डोळे मिटून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. मग अदलाबदल. माझ्या जोडीला नफीसा होती. ती शहरातलीच, वडिलांचं कापडाच्या गाठी बांधायचं काम. शिक्षण उर्दू शाळेत झालेलं, आणि इंग्रजी ती सरांच्या क्लासमध्ये याच बाकांवर बसून, चुका करत, भांडत शिकली होती. मराठी आणि हिंदी तिच्या तोंडातून एकत्रच निघायचं.

पहिल्या दिवशी तिने वाचलं, मी डोळे मिटून ऐकलं. तिने विचारलं, "बोल, चालेल का?" मी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघत राहिले.

"अरे बोल ना! मुँह में दही जमा है क्या?"

मला बोलायचं होतं. पण वाक्य चुकीचं म्हणावं तर नियम सापडत नव्हता आणि बरोबर म्हणावं तर आत काहीतरी नको म्हणत होतं. मी पुढचा कागद पुढे केला. असे बरेच कागद झाले.

लाइट आल्यावर सरांनी माझे कागद उलटून पाहिले. मग ते माझ्या बाकाजवळ आले आणि, आवाज फार असल्यामुळे, अगदी कानाशी वाकून ओरडले, "पाटील, ही नापास केलीस?"

मी मान हलवली. नाही.

"मग पास?"

पुन्हा नाही.

त्यांनी ते कागद उचलले आणि कोपऱ्यातल्या कांद्याच्या टोपलीत टाकले. "मग ही उद्या परत तुझ्यापुढे येणार. परवाही येणार. गप्प बसलं म्हणून वाक्य कुठे जात नाही. टोपलीत राहतं."

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. टोपली सगळ्यात आधी रिकामी करायची, असा तिथला नियम. माझ्यामुळे नफीसालाही जुनीच वाक्यं पुन्हा वाचावी लागली. तिने मला त्या दिवसापासून नावच दिलं: टोपली. "काय टोपली, आज तरी मेहेरबानी होणार का?" आजही फोन केला की ती त्याच नावाने सुरुवात करते. ती आता तिच्या मोहल्ल्यातल्या मुलींना इंग्रजी बोलायला शिकवते. गप्प बसणाऱ्या मुलींना ती काय म्हणत असेल याची मला पूर्ण कल्पना आहे.

सरांनी मला एकच गोष्ट शिकवली असं म्हटलं तरी चालेल. मी नियम शोधत बसले आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "कारण नंतर शोध. आधी एवढंच सांग, खटकतंय की नाही. कारण नाही सापडलं तरी खटकणं खरं असतं."

हे माझ्यासाठी नवीन होतं. मला वाटायचं, कारण हातात असल्याशिवाय बोलायचा अधिकार नसतो.

पहिलं वाक्य मी खटकवलं ते मला आठवतं. नफीसाने वाचलं, "द टी ऑफ माय मदर इज व्हेरी स्वीट." डोळे मिटलेले होते. समोर आमचं स्वयंपाकघर आलं, आईचा तो घट्ट गोड चहा आला, आणि वाटलं, घरात चहा पिताना असं कोण बोलतं? हे तर सत्कार समारंभातलं वाक्य.

"खटकतंय," मी म्हटलं.

"क्या?"

"खटकतंय!"

जिन्यावरून एक कामगार म्हणाला, "बोली! आज बोली!" आणि पायऱ्या हसल्या. माझे कान तापले. पण नफीसाने फुली मारली आणि ते वाक्य गेलं, कायमचं. टोपलीत परत आलं नाही. किती साधी गोष्ट आणि किती हलकं वाटलं.

त्यानंतर वाचायची पाळीही आली. ते जास्त कठीण होतं. निकाल एका शब्दात देता येतो, वाक्य पूर्ण उच्चारावं लागतं, आणि बाहेर एवढी माणसं. मी कागद तोंडासमोर धरायचे. नफीसा तो खाली ओढायची. "कागज को सुना रही है या मुझे?" एकदा मी वाचलं, "द वॉचमन सॉ द गर्ल फ्रॉम द बस." नफीसाचे डोळे मिटलेले. ती तशीच म्हणाली, "वॉचमन बसमध्ये बसलाय की मुलगी बसमधून उतरलीये?" मी पुन्हा वाचलं. दोन्ही दिसत होतं. अशा वाक्यांना आम्ही दुतोंडी म्हणायचो. नफीसा त्यांच्यावर खूश असायची, तिला त्यातून गोष्टी सुचायच्या. तो वॉचमन तिने पुढे आठवडाभर चालवला. त्याचं आणि त्या मुलीचं लग्नापर्यंत आणलं होतं.

मला दुतोंडी वाक्यं आवडायची नाहीत. ती सभ्य दिसतात, कुठे चुकलेली नसतात, आणि ऐकणारा आपल्याला हवं ते घेऊन जातो. त्या वेळी हे एवढं स्पष्ट कळत नव्हतं. नुसती अस्वस्थता होती.

एकदा कंपनीकडून आमचा सगळा गठ्ठा परत आला. त्यावर लाल खुणा. "माय फादर इज हॅविंग टू शॉप्स." यावर आम्ही सगळ्यांनी "अगदी सहज" असं दिलं होतं, आणि अशा कितीतरी वाक्यांवर. कंपनीचं म्हणणं, असं इंग्रजी कोणी बोलत नाही, "हॅज" म्हणतात.

नफीसा उसळली. "कोणी बोलत नाही म्हणजे? बँकवाले बोलतात. डॉक्टर बोलतात. माझे अब्बू बोलतात, आणि अब्बूंना तेवढं एकच वाक्य येतं!"

"तिकडे नाही बोलत," सर म्हणाले.

"तो क्या अपना कान खराब है?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांना हसू आलं. "मीही पास केलं होतं ते. मला तर जराही खटकलं नाही." चष्मा परत लावत म्हणाले, "कान खराब नाही. कान भिवंडीचा आहे."

त्या दिवशी त्यांनी छापील कागदावर पेनाने आणखी एक रकाना आखला. तिकडे चालतं का, आणि इकडे चालतं का. कंपनीने तो रकाना मागितला नव्हता. सरांनी तो शेवटपर्यंत भरून घेतला.

मी घरी जाताना रिक्षात बसून तेच घोळवत होते. माझा कान कुठला तरी आहे. शाळेत मला वाटायचं मी अधांतरी आहे, ना इंग्रजीची ना घरची. आणि इथे, भर उन्हाळ्यातल्या त्या घामट खोलीत कळलं, की मला न विचारता माझ्या कानाने गाव धरून ठेवलं होतं.

असा तो उन्हाळा चालला असताना घरी दुसरं काहीतरी ठरत होतं. माझ्या मामाने काल्हेरला गोडाऊन बांधलं होतं. मोठ्या कंपन्यांचा माल यायचा, ट्रक यायचे, आणि कंपन्यांचे मेल इंग्रजीत यायचे. मामा दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा, येताना जिताडा मासा नाहीतर कोलंबी घेऊन, आणि हात धुता धुता म्हणायचा, "भाची बसंल हापिसात. एसी हाय. घरची पोरगी, भरवशाची." मला मामा आवडायचा, आजही आवडतो. त्याच्या बोलण्यात माझं वाईट कुठेच नव्हतं. मला कल्याणच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं होतं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. दर रविवारी मामा म्हणायचा, मी ताटाकडे बघायचे, आणि दर रविवारी ते थोडं अधिक ठरायचं.

आमच्या घरात गप्प राहणं हे पास झालेलं वाक्य होतं. टोपली नव्हती.

निकाल लागला, चांगला लागला. त्या रविवारी संध्याकाळी मामा पेढे घेऊन आला, कोनहून आत्याही आली. नेहमीप्रमाणे लाइट गेली आणि सगळे बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आमच्या घरामागे बाबांचा लूमचा गाळा आहे, भाड्याने दिलेला. तोही थांबला. एक लूम मागे राहिला, दोन ठोके देऊन थांबला. कानात शिट्टी, आणि मग शांतता. मला एकदम जिना आठवला. आता कोणीतरी "चला, वाचा" म्हणणार असं वाटलं.

मामाने वाऱ्यासाठी बनियन पोटावर सरकवला. "मंग जूनपासून येते ना भाची? खुर्ची आनलीय, गोल फिरनारी."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग मामाकडे. "तिला कय इचारतोस? ती कुठं न्हाय म्हनते."

ते वाक्य मी ऐकलं. डोळे मिटले नव्हते, पण मिटल्यासारखंच ऐकलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी कुठेच नाही म्हटलं नव्हतं. आणि त्यातून जो तो आपल्याला हवा तो अर्थ घेऊन जात होता, कारण दुसरा अर्थ मी कुणाला दिलाच नव्हता.

"मला खटकतंय," मी म्हणाले.

आत्याने पेढा तोंडाजवळच थांबवला. "कोन बोललं?"

"कय खटकतं गो?" मामा पुढे झुकला. "पगाराचं का? पगार देनार, फुकट न्हाय राबवनार भाचीला."

"पगाराचं नाही." छातीत लूम चालू झाला होता. "का खटकतंय ते मला नीट सांगता येणार नाही. नंतर सांगेन. पण खटकतंय." आणि थांबले असते तर पुन्हा टोपली, म्हणून तशीच पुढे म्हणाले, "मला कल्याणला कॉलेजात जायचंय. इंग्लिश शिकायला."

"इंग्लिश?" मामा खराखुरा गोंधळला. "आजून ऱ्हायलंय व्हय शिकायचं? मंग इतकी वरसं शालेत कय करीत होतीस?"

आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला. आईही हसली, पदर तोंडाला लावून. मला हसू आलं नाही. मी बाबांकडे बघत होते. बाबा लूमच्या आवाजात वाढलेले. असा माणूस मोठ्याने बोलतो आणि थोडं बोलतो. ते पायरीवर बसले होते, हातात पेढा तसाच. काही बोलत नव्हते. माझ्या गप्प बसण्याने माणसांचं काय होत असेल, हे मला तेव्हा समजलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, नफीसा माझ्याकडे बघायची तशी.

आणि लाइट आली. ओट्यावरचा बल्ब लागला, मागे गाळा एकदम सुरू झाला. मामा काहीतरी बोलत होता, ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. बाबांनी पेढा तोंडात टाकला, हात धोतराला पुसले, आणि माझ्याकडे वळून, त्या सगळ्या खडखडाटाच्या वरून ओरडले,

"कल्यानची पयली गाडी कवाची हाय?"

आत्याने लगेच हात वर केला. कल्याणची बस तिच्या कोनवरून जाते, तेव्हा वेळ तिलाच विचारायला हवी असं तिचं म्हणणं. पण ती वेळ मी केव्हाची पाठ करून ठेवली होती. मी उभी राहिले आणि ओरडून सांगितली. गाळ्याच्या दारातले कामगार वळून बघायला लागले, एवढ्या मोठ्याने.